सतरा नंबरच्या खुर्चीबाबत खुलासा

अध्यक्षसाहेब, चोरी तुम्ही केलीत. माझ्या आत्याने नाही.

तुमच्या संस्थेची नोटीस परवा आमच्या दाराला चिकटवलेली मिळाली. (डिंक उत्तम प्रतीचा आहे. नोटीस निघाली, तिच्याबरोबर दाराचा रंगही निघाला.) सतरा नंबरची व्हीलचेअर चार दिवसांत परत करा, नाहीतर पोलिसात तक्रार देऊ, असं तीत म्हटलंय. जरूर द्या. फक्त त्याआधी हा खुलासा वाचा. तुमच्याबरोबर आणखी चार लोकांनीही वाचावा म्हणून तो छापून घेतला आहे.

करुणा हा सगळ्या समाजकार्याचा पाया आहे, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. आणि पाया नीट बसल्याशिवाय वर काही बांधू नये, हे कुठलाही गवंडी सांगेल. तुमची संस्था गेलं वर्षभर नुसता पायाच घालते आहे. या चिकाटीबद्दल मला तुमचा मनापासून आदर वाटतो.

आता हकिकत. माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते. बत्तीस वर्षं एकाच दुकानात, खिडकीशेजारच्या एकाच टेबलावर. मागच्या वर्षी एका कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरवताना ती शिडीवरून पडली आणि कंबरेखालचं सगळं कायमचं गेलं. (घड्याळाला काही झालं नाही.) हात शाबूत, नजर शाबूत, जिभेचं तर विचारूच नका. घर ते दुकान साडेतीनशे पावलं, तेवढंच काय ते आडवं आलं. मी छापखान्यात आहे. माझी पाळी सकाळी सहाला लागते आणि दुकान उघडतं दहाला. मंगळवारची माझी सुट्टी सोडली तर तिला उचलायला घरात कुणी नाही. दुकानदार भला माणूस. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला घरी येऊन म्हणाला, "बाई, वर्षभर तुमचं टेबल तसंच ठेवलंय. या तीस तारखेपर्यंत आणखी ठेवतो. मग दुसरा कारागीर बसवावा लागेल हो, माझाही नाइलाज आहे."

थोडक्यात, एक व्हीलचेअर हवी होती. आम्ही अर्ज केला तेव्हा तुमच्याकडे चाळीस होत्या. अर्जदार होते एकोणचाळीस.

हिशेब इतका सोपा होता की तुम्हाला संशय आला.

तुम्ही ताबडतोब एक करुणा-सल्लागार नेमलात. त्या बाईंनी कार्यकारिणीला एकच प्रश्न विचारला, "देणाऱ्याच्या काळजाला हात लागला नाही, तर ते दान कसलं? ती तर नुसती माल पोचवणी झाली." लोकांच्या खुर्च्या लोकांना देऊन मोकळं होण्याचा केवढा अनर्थ टळला! ठराव झाला: खुर्ची देण्यापूर्वी देणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात सात दिवस बसून, चालता न येण्याचा अनुभव घ्यावा. विश्वस्त अकरा, कर्मचारी सव्वीस, शिवाय यच्चयावत देणगीदार, शिवाय त्यांची कुटुंबं. कारण घरात एकट्यालाच करुणा आली तर जेवताना खटके उडतात. (वार्षिक अहवाल, पान नऊ.)

अहवालातले आकडे मला पाठ आहेत. बसण्यापूर्वी सरासरी करुणा दहापैकी तीन पूर्णांक दोन. सात दिवसांनंतर सहा पूर्णांक आठ. खजिनदारांची तर थेट नऊवर गेली होती. (त्या आठवड्यात त्यांना सर्दी होती, म्हणून डोळ्यांतल्या पाण्यापैकी निम्मं वजा करण्यात आलं.) काळजाला हात लागलेल्या देणगीदारांनी आणखी सत्तर खुर्च्या दिल्या. हे वाचून नवे देणगीदार आले. नवे आले म्हणजे त्यांना अनुभव देणं आलं, त्यांच्या घरच्यांनाही देणं आलं. खुर्च्या झाल्या एकशे दहा आणि त्यांत बसायला उत्सुक माणसं एकशे चौसष्ट. आधी तुटवडा नव्हताच, तो चोपन्नवर गेला. इतकी करुणा या शहराने कधी पाहिली नव्हती आणि खुर्च्याही इतक्या कमी कधी पडल्या नव्हत्या.

बसणाऱ्यांचे हाल होऊ नयेत म्हणून तुम्ही पहिल्या मजल्यापर्यंत रॅम्प बांधलात. ऐसपैस, दोन्ही बाजूंना कठडा, वर दिवे. अर्जदारांच्या भेटीची वेळ मंगळवारी अकरा, जागा पहिला मजला. आत्याला पाठीवर घेऊन मी रॅम्पकडे वळलो, तर वॉचमन आडवा आला.

"हा फक्त व्हीलचेअरवाल्यांसाठी आहे. तुमची खुर्ची कुठाय?"

"तीच घ्यायला आलोय."

"मग मिळाली की या इकडून. आत्ता जिन्याने जा."

पाठीवरून आत्या म्हणाली, "बरोबर आहे रे त्याचं. चाकं आहेत का तुला?"

पायऱ्या एकोणतीस आहेत. आत्याचं वजन मी सांगणार नाही, ती हे वाचणार आहे.

वर तुमच्याकडे 'करुणाजनकता' नावाचा तक्ता आहे. अर्जदाराकडे पाहून पाहणाऱ्याला किती भरून येतं, यावर गुण. सल्लागारबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "मनात काय चाललंय ते मोकळेपणाने बोला."

आत्या म्हणाली, "तुमचं मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. काढा बघू, आत्ता लावून देते."

शेरा पडला: 'अर्जदार आपल्या दुःखाला सामोरी जात नाही.' दहापैकी दोन.

असे बावीस मंगळवार गेले. दुकानदार येऊन गेल्यावर तिने सरळच विचारलं, "रडून दाखवू का? दाखवते की. पण रडले तर तीस तारखेच्या आत खुर्ची मिळेल का, तेवढं आधी सांगा." त्या दिवशी तीन गुण मिळाले. (वाढीव गुण प्रांजळपणाबद्दल.)

तेविसावा मंगळवार, तारीख सत्तावीस. अध्यक्षसाहेब, त्या दिवशी तुम्ही स्वतः सतरा नंबरच्या खुर्चीत बसून सभागृहात येत होतात. अनुभवाचा तुमचा पाचवा दिवस. दारातच पुढचं छोटं चाक अडकलं. तुम्ही उठलात, वाकून पाहिलंत, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याच्या आत आणलीत आणि पुन्हा तिच्यात बसलात. कुणीही हसलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

बाकावरून आत्या ओरडली, "आणा ती इकडे! चाकात केस गुंतलेत." पर्समधून तिने चिमटा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. पाच मिनिटांत चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. तुम्हाला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे तुम्ही तिची 'मानद देखभाल-मार्गदर्शक' म्हणून नेमणूक केलीत. पत्र टाइप झालं, सही-शिक्का झाला. त्यातलं कलम तीन जसंच्या तसं देतो: 'दुरुस्त केलेल्या खुर्चीत मार्गदर्शकांनी स्वतः बसून, त्यांचे पूर्ण समाधान होईपर्यंत, प्रत्यक्ष रस्त्यावर चाचणी घ्यावी.'

आत्याने पत्र दोनदा वाचलं. नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"उचल मला," मला म्हणाली, "आणि ठेव त्या खुर्चीत. दुरुस्ती झाली, चाचणी राहिलीय."

रॅम्पवर वॉचमनने कडक सॅल्यूट ठोकला. अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाच्या ठोक्याला ती आपल्या टेबलावर होती. तेव्हापासून रोज चाचणी सुरू आहे. नोटीस आली तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आत्या, झालं का गं समाधान?"

"छे रे! डावं चाक अजून किंचित ओढतंय. असल्या कामात घाई करून भागत नाही."

तेव्हा अध्यक्षसाहेब, पोलिसात जाल तेव्हा नेमणूकपत्राची प्रत बरोबर न्या. आणि एकोणचाळीस माणसांच्या खालून वर्षभर खुर्च्या कुणी ओढल्या, तेही तक्रारीत लिहा. नाव माहीत नसेल तर विचारा, मी स्पेलिंगसकट सांगतो.

आता तुम्ही, वाचणारे. तुम्हाला या घटकेला बरं वाटतंय. आत्या निसटली, अध्यक्षांची जिरली, छाती हलकी झाली. अभिनंदन. हेच ते सहा पूर्णांक आठ. तुम्हाला तर ते घरबसल्या आलं, खुर्चीसुद्धा लागली नाही. संस्थेला कळलं तर सत्काराला बोलावतील.

पण उरलेल्या अडतीस जणांना कुणी नेमणूकपत्र दिलेलं नाही. त्यांत एक शिंपी आहे, एक भूमितीच्या शिक्षिका आहेत, एक म्हातारे पोस्टमन आहेत, आणि सगळ्यांची आपापली तीस तारीख आहे. दर मंगळवारी त्यांतल्या बारा जणांना बोलावणं असतं. मी आणि छापखान्यातले दोन सोबती मिळून त्यांना जिन्याने वर नेतो. तिघांच्या कमरा आठव्या माणसापर्यंत टिकतात. जे खाली राहतात त्यांची गैरहजेरी लागते, आणि तीन गैरहजेऱ्या झाल्या की अर्ज रद्द. पोस्टमनच्या दोन झाल्यात.

येत्या मंगळवारी, सकाळी पावणेअकराला, जिन्यापाशी. 'बघतो, जमलं तर येतो' हे उत्तर धरलं जाणार नाही. येताय की नाही?