ऑर्व्हलच्या कमरेची कुरकुर

मी शिवलेलं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कातडी म्यान, कमरेला लावलं की माणूस ते लावलंय हेच विसरतो. ही फुशारकी नाही, माझ्या दुकानाच्या दारावर कोरलेलं वाक्य आहे. त्याखाली दुसरी ओळ : 'आवाज होणार नाही, हमी.' टेक्सासमधल्या आमच्या गावात निम्मे लोक शर्टाखाली पिस्तूल झाकून हिंडतात, आणि प्रत्येकाला कोणाचं ना कोणाचं होल्स्टर टोचत असतं. माझं टोचत नाही!

ऑर्व्हल टॅकेट मात्र जन्माचा शंकेखोर. चारदा माप दिलं आणि चारही वेळा तेच म्हणाला, "ड्यूई, हे कुरकुरणार. नवं कातडं कुरकुरतंच." मीही हट्टाला पेटलो. मऊ अस्तर लावलं, कडा घासून गोल केल्या, ओलं कातडं निळ्या प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलावर दाबून दाबून बसवलं. एकसारखी दोन शिवली, एक त्याच्यासाठी आणि एक स्वतः दिवसभर लावून बघायला. मंगळवारी दोन्ही तयार झाली. ऑर्व्हल सोमवारीच गेला, दुपारी जेवून खुर्चीत बसल्या बसल्या.

त्याची बायको नदीन दुकानात आली. म्हणाली, चार महिने वाट बघत होता, आता लावूनच जाऊ दे. पिस्तूल मुलाकडे राहिलं. रिकामं होल्स्टर मी माझ्या हातांनी त्याच्या सुटाखाली अडकवलं. चाळीस वर्षांचा मित्र, पण कंबर इतकी गार लागली की मला रडू फुटलं.

शुक्रवारी चर्चमध्ये मला पहिल्या बाकावर बसवलं, कारण खांदेकऱ्यांत मी होतो. उघडी शवपेटी हातभर अंतरावर. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, सगळं शांत झालं, आणि मला ऐकू आलं.

कुर्र.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, कुर्र.

कातड्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. आणि होल्स्टर नुसतं पडल्या पडल्या कुरकुरत नाही. त्यामागचं पोट वरखाली झालं, तरच कुरकुरतं. म्हणजे श्वास हवा. ऑर्व्हल आपला पावडर लावून शांत पडलेला. भीतीने मला धाप लागली, तर आतला आवाजही भरभर यायला लागला!

नदीनने मान वर केली. तिलाही ऐकू आलं होतं. झाकण लावायला माणूस पुढे झाला, तशी ती उठून पेटीची कड धरून उभी राहिली.

"बंद करू नका," ती म्हणाली. "तो श्वास घेतोय."

नीट ऐकावं म्हणून मी श्वास रोखला. आवाज थांबला. छाती फुटायला आली, तेव्हा श्वास सोडला. कुर्र.

माझा हात हळूहळू माझ्याच कमरेकडे गेला.

जोडीतलं दुसरं होल्स्टर मंगळवारपासून लावलं होतं आणि साफ विसरलो होतो! चर्चच्या दारावर पाटी आहे, शस्त्र आत आणू नये. गुपचूप बाहेर सटकता आलं असतं. पण ऊब यावी म्हणून नदीन त्याचा हात चोळायला लागली होती. ते मला बघवेना. मी उठलो आणि कोट वर केला.

"नदीन, तो नाही गं. मी आहे."

साऱ्या गावासमोर माझ्या कमरेला निळं प्लॅस्टिकचं पिस्तूल. कोणी हसलंसुद्धा नाही. नदीनने हळूच त्याचा हात खाली ठेवला. मी होल्स्टर काढून बाकावर ठेवलं, तिची माफी मागितली, आणि झाकण बसलं.

आम्ही सहा जणांनी पेटी उचलली. बाहेरच्या पायरीवर ती जराशी कलली, आणि आतून आवाज आला. कुर्र.

पण पेटीकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोकळ्या हाताने कोट वर करून दाखवला. कमरेला काहीच नव्हतं. पेटी कलली तसा पट्टा सरकला असणार.

नदीनने झाकणावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"ऐकलंस ना, ऑर्व्हल? तुझंच खरं ठरलं."

दारावरची दुसरी ओळ मी त्याच संध्याकाळी खरवडून काढली. पहिली ठेवली आहे. ती खरी असल्याचं साऱ्या गावाने पाहिलंय.