अ‍ॅव्हरेजकाकांची बोट

आमच्या चेरीतालच्या गल्लीत नवरदेव घोडीवरून आला तेव्हा सगळे नवरदेवाकडं पाहत होते. ढोबळेकाका मात्र घोडीवाल्याला बाजूला घेऊन विचारत होते, "भैया, चना कितना खाती है, और चलती कितना है?" घोडीवाल्यानं काहीतरी आकडे सांगितले. काकांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि मान हलवली. "परवडत नाही," म्हणाले.

गल्लीत सगळे त्यांना अ‍ॅव्हरेजकाकाच म्हणतात, अगदी तोंडावर. उभा जन्म संरक्षण कारखान्यात ट्रकची इंजिनं तपासण्यात गेला. रिटायर झाल्यापासून उरलेली दुनिया तपासतात. पाहुणा दारात गाडी लावतो न लावतो तोच "किती देते?" गॅसचं सिलिंडर लावलं की भिंतीवर खडूनं तारीख लिहायची, आणि ते चार दिवस आधी संपलं तर स्वतःच्याच स्वयंपाकाची चौकशी बसवायची. स्वतःच्या वहिनीला अँब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हाही ड्रायव्हरला हाच प्रश्न विचारला. वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या, पण काकांशी अजून बोलत नाहीत.

मी शाळेत गणित शिकवते आणि त्यांच्या शेजारी राहते. या दोन अपराधांची शिक्षा म्हणून मागच्या हिवाळ्यात माझे चार रविवार बोटीत गेले.

बोट होती सदर भागातल्या गुड्डू भैयाची. लग्नांच्या जेवणावळी करता करता या माणसाच्या डोक्यात आलं की नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयात टुरिस्ट फिरवावेत, आणि त्यानं चक्क जेट बोट घेतली. हिला बाहेर पंखा नसतो. बोटीच्या पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, त्या धक्क्यानं बोट पळते. पळत होती, पण डिझेल दुप्पट पिऊन. तीन मेकॅनिक झाले, तिघांनी इंजिन खोललं, कुणाला काही सापडलं नाही. शेवटी गुड्डू भैया वैतागला. महिनाअखेर अ‍ॅव्हरेज सुधारला नाही तर बोट विकायची, गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं काकांना बोलावून सांगून टाकलं.

"मास्तरीणबाई, तुम्ही फक्त आकडे लिहा," काका म्हणाले. "इंजिन खोटं बोलत नाही. बोलतो तो मालक."

गुड्डू भैयाची जीप आम्हांला न्यायला यायची. काका दर रविवारी ड्रायव्हरला "किती देते?" विचारायचे आणि तो दर रविवारी नवाच आकडा सांगायचा.

पहिल्याच दिवशी काकांनी इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "इंजिन ठणठणीत आहे. हे धावून राहिलं, पण बोट चालून राहिली नाही. ताकद मधेच कुठंतरी सांडून राहिली." मला वाटलं, झालं, पुढच्या रविवारी मी सुटले.

कसली सुटतेय! दर रविवारी ट्रायल. धक्क्यावरून निघायचं, पाण्यातल्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं, लिटर मोजायचे. पण काका दर वेळी बोट डावीकडं, एका उघड्या टेकाडापाशी न्यायला लावत आणि तिथं इंजिन बंद करत. दहा मिनिटं, कधी पंधरा.

"काका, इंजिन बंद ठेवून अ‍ॅव्हरेज कसा कळतो?"

"ऐकावं लागते, मास्तरीणबाई."

बंद इंजिनातून काय ऐकायचं, देव जाणे. मी मुकाट्यानं वेळ लिहायची.

तिसऱ्या रविवारी, टेकाडापाशीच, काका मागच्या बाजूला पालथे पडले आणि पंपावरचं झाकण काढून आत हात घातला. मी वाकून पाहिलं. हाताशी लाल जाळीदार कापड होतं, त्याच्या काठाला सोनेरी गोटा, जरीची पट्टी. नर्मदामैयाला वाहतात ती चुनरी! क्षणात माझ्या डोक्यात उजेड पडला. गुड्डू भैया रोज सकाळी पहिल्या फेरीआधी मैयाला चुनरी वाहायचा, ती बोटीच्या कडेवरून आणि इंजिन चालू ठेवून. बोट ती गिळायची. डिझेल वाढलं की त्याची श्रद्धा वाढायची, मग दोन चुनऱ्या. चुनऱ्यांचा सगळा गोतावळा पंपाच्या दांड्याला गुंडाळून बसला होता.

काकांनी कापड चाचपलं, आणि झाकण परत लावून टाकलं.

मी भडकले. गुड्डू भैया पुढं बोटीच्या चालकापाशी होता, म्हणून हळू आवाजात विचारलं, "हे तुम्हांला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या रविवारपासून."

"मग सांगितलं काहून नाही?" रागात मीही त्यांच्याच बोलीत गेले. "त्याची बोट विकली जाईल ना!"

काका पाण्याकडं पाहत राहिले. "सांगितलं तर ट्रायल संपली," ते म्हणाले. "आमचं गाव, देवटोला, इथंच आहे, बाई. खाली. आमचं घर. हे टेकाड म्हणजे आमच्या शेतामागची डोंगरी. धरण भरणार म्हणून बाबांनी निरोप धाडला होता, सामान हलवायचं आहे, एकदा येऊन पाहून जा. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. ओव्हरटाइम चालला होता. पुढच्या रविवारपर्यंत बाबाच बैलगाडी घेऊन चेरीतालला आले. मी शेवटचं पाहिलंच नाही घर. बाबा जाईपर्यंत विचारायचे, पाणी उतरलं का रे?"

मी त्या रविवारचे आकडे लिहिलेच नाहीत.

चौथा रविवार शेवटचा होता. सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. धक्क्यावर पोचताच काकांनी न विचारता झाकण काढलं आणि ओढायला सुरुवात केली. लाल चिंध्या, गोटा, नारळाच्या शेंड्या, अख्खी बादली भरली. गुड्डू भैया कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. "मैया को चढ़ाई थी, काका."

"मैया तक पहुँची कहाँ, भैया? बीच में तुम्हारा पंप खा गया." मग मान खाली घालून म्हणाले, "मुझे पहले दिन से मालूम था." आणि त्यांनी घराचं, रविवारचं, सगळं सांगून टाकलं.

गुड्डू भैया चिडेल म्हणून मी तयारीत होते. तो उठला आणि चालकाला म्हणाला, "चलो, ट्रायल बाकी है."

बोट अशी सुटली की माझी वही उडता उडता वाचली. टेकाडापाशी गुड्डू भैयानं स्वतः इंजिन बंद केलं. खिशातून त्या दिवशीची कोरी चुनरी काढली आणि काकांच्या हातात दिली. "आज आप चढ़ाइए. इंजन बंद है."

काकांनी ती दोन्ही हातांनी पाण्यावर सोडली. ती जराशी तरंगली, मग भिजून हळूहळू खाली जायला लागली. दिसेनाशी झाली तरी काका वाकून पाहतच होते. "बाबा, आलो," एवढंच म्हणाले.

बोट विकली नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये काका खिडकीशी बसले होते. ड्रायव्हरनं दोनदा आरशातून मागं पाहिलं, बिचारा नवा आकडा तयार ठेवून बसला होता. बरगी सुटलं, शहर आलं, तरी काका काही विचारीनात. मला ते सहन होईना.

"भैया," शेवटी मीच म्हटलं, "कितना देती है?"