वाक्यात उपयोग

मयताच्या घरी, भर बैठकीत, मी एकदा इंग्रजी बोलले. तेव्हा मी साठीला टेकले होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आज नातवंडं हाताशी आली तरी ते वाक्य आठवलं की मी पदराआड तोंड लपवते.

हे इंग्रजी मला शिकवलं शेजारच्या नंदनवार भाऊजींनी. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि त्यांना इंग्रजी वाक्प्रचारांचं वेड लागलं. रोज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्प्रचार, खाली अर्थ. तेवढ्यावर सुटका नाही. दिवसभरात जो दिसेल त्याला कंपाउंडच्या भिंतीवरून हाक, "वाक्यात उपयोग करा." कोथिंबिरीच्या भावावरून भाजीवाल्याला म्हणायचे, "सांभाराच्या जुडीले 'ॲन आर्म अँड अ लेग' मागून राहिला का गा? भिऊ नको, म्हणजे लय महाग. आता तू वाक्य कर." तो बिचारा जुडी तिथंच टाकून पळायचा.

परीक्षेतून सूट फक्त त्यांच्या बायकोला, सुमनताईंना. त्या आतून ओरडायच्या, "अवं वहिनी, तुम्ही काहून यांच्या नादी लागता?"

पण मी लागले होते. मॅट्रिकला इंग्रजीतच गचकलेली मी. भाऊजी मला 'गल्लीतली हुशार विद्यार्थिनी' म्हणत आणि मी फुगत असे.

मग सुमनताई झोपेतच गेल्या. तिसऱ्या दिवशी भाऊजींचे जुने साहेब भेटायला आले. त्यांना मराठी येत नव्हतं. कसं झालं, म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारलं. भाऊजी सतरंजीवर दगडासारखे. मुलगा पाणी आणायला आत गेलेला. म्हटलं, विद्यार्थिनी मग आहे कशाला? मरण्याचा वाक्प्रचार भाऊजींनीच ग्रुपवर शिकवला होता. ताठ बसून, भूतकाळ नीट सांभाळून, खणखणीत आवाजात मी सांगितलं, "सर, शी किक्ड द बकेट." वर आणखी, "व्हेरी पीसफुली."

बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. साहेब चष्मा पुसू लागले. भाऊजी तोंडावर टॉवेल धरून उठले आणि आत गेले. मला वाटलं, माझं इंग्रजी ऐकून लोक थक्क झाले.

घरी येऊन सुनेला कौतुकानं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"आई, अर्थ तोच आहे. पण हे टिंगलीत बोलतात. मयताच्या घरी बसून 'खपली एकदाची' म्हटल्यासारखं झालं हे."

त्या दिवसापासून मी भिंतीकडे फिरकले नाही. कपडेसुद्धा गच्चीवर वाळत घालू लागले. ग्रुपवरचे वाक्प्रचारही थांबले. तेरवी होऊन गेली तरी सकाळी काही येईना. बायको गेलेल्या माणसाचा उरलेला एक आनंद, तोही मी घालवला, हे मनाला लागून राहिलं.

शेवटी एका दुपारी मन घट्ट करून गेले. भाऊजी एकटेच पुढच्या खोलीत बसले होते.

"भाऊजी, त्या दिवशी मी फार वाईट बोलले," एवढंच तोंडातून निघालं.

त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले,

"वहिनी, मले हसू आलं होतं. आवरेना, म्हणून आत पळालो. म्हटलं सुमनले सांगतो, वहिनीनं काय वाक्य केलं ते. सैपाकघराच्या दारातून हाक मारली तिले. तवा समजलं मले, ती गेली."