अखेरचा सामना, पुढच्या शनिवारी पुन्हा

हॅस्किन्स फोर्क कॉलेजचा फुटबॉल संघ आर्थिक कारणांमुळे बंद करण्यात येत आहे, असं अध्यक्षा डॉ. कॉन्स्टन्स व्हीलॉक यांनी एका सोमवारी जड अंतःकरणाने जाहीर केलं. अंतःकरण जड असल्याचं निवेदनात दोनदा लिहिलं होतं, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

प्रशिक्षक मर्ल डिटमर यांना वाईट वाटलं, आश्चर्य वाटलं नाही. नेब्रास्कातल्या या गावाचं फुटबॉलवर जिवापाड प्रेम होतं, फक्त ते मैदानाच्या आत येत नसे. दर शनिवारी सकाळपासून पार्किंगमध्ये गाड्या लागत, डिक्क्या उघडत, शेगड्या पेटत, सॉसेज भाजले जात. सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली की मंडळी तृप्त मनाने शेगड्या विझवून घरी जात. आत गॅलरीत खेळाडूंच्या आया तेवढ्या उरत. तिकीट आत शिरताना लागायचं, पार्किंग फुकट होतं.

त्या शनिवारी मात्र अख्खं गाव आत आलं. शेवटचा सामना म्हटल्यावर घरी कोण बसणार? समर्थक मंडळाचा अध्यक्ष आणि हार्डवेअर दुकानाचा मालक लाइल क्रॅब तर मर्लच्या गळ्यातच पडला.

"तीन पिढ्यांची भक्ती आहे रे आमची या संघावर."

"या आधी आत कधी आला होतास?"

"आत कशाला यायला हवं? भक्ती मनात असते."

सोमवारी डॉ. व्हीलॉक यांनी मर्लना बोलावलं.

"मर्ल, संघ चालवणं आपल्याला परवडत नाही. पण बंद करणं फार छान परवडतंय."

"मग काय करायचं, मॅडम?"

"बंद करत राहू."

त्यानुसार संघाची समापन प्रक्रिया टप्प्याटप्प्याने राबवण्यात येईल, असं परिपत्रक निघालं. पुढच्या शनिवारी 'अखेरचा सामना' झाला, त्यापुढे 'निर्विवाद अखेरचा' आणि मग 'अखेरचा (सुधारित)'. काळ्या फिती दारातच विकायला ठेवल्या. पाद्रीबाबा मध्यंतरात चार शब्द बोलू लागले. ज्या संघाला काल कुणी विचारत नव्हतं, त्याच्या गुणांच्या कथा न्हाव्याच्या दुकानात रंगू लागल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, आणि ही म्हैस तर अजून मरायचीच होती.

त्या मुलखात मयताच्या घरी बटाट्यांचं भांडं नेतात. बटाटे, भरपूर चीज, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा घालून खरपूस भाजलेलं. तशी भांडी आता दर रविवारी डिटमरांच्या दारात येऊ लागली. मर्लच्या पँटची बटणं लागेनाशी झाली.

"आणखी एक भांडं आलं तर मीच मरेन," त्यांची बायको डोरीन म्हणाली, "म्हणजे निदान ते कारणी तरी लागेल."

पण एक गोष्ट कुणाच्या हिशेबात नव्हती. भरलेल्या गॅलरीतून आपलं नाव पोरांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं आणि ती चेकाळली. जिंकायलाच लागली. मर्लनी सारी नोकरी ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आवाज आता दर शनिवारी उठत होता. टोपी डोळ्यांवर ओढून ते मैदानाच्या कडेला उभे राहत. इतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

गावाला मात्र हे रुचेना.

"हे बरं नाही, मर्ल," लाइल गंभीरपणे म्हणाला. "मी ऐन हुंदक्यात होतो आणि तुझ्या पोरांनी टचडाउन मारून सहा गुण घेतले. माणसाने रडायचं की टाळ्या वाजवायच्या? एक काय ते ठरवा."

डॉ. व्हीलॉक यांनीही दखल घेतली.

"संघाची प्रकृती चिंताजनक राहील एवढं बघा. हरा असं मी म्हणत नाही, ते कॉलेजच्या नीतिमूल्यांत बसत नाही. फक्त जिंकू नका."

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत मर्लनी पोरांना जवळ बोलावलं. सांगितल्यासारखं केलं तर संघ जगणार होता. न केलं तर काय, ते त्यांना ठाऊक होतं.

"पोरांनो, जिंकू नका असा निरोप आहे. तो मी पोचवला. माझं काम झालं. आता तुम्ही तुमचं करा."

पोरांनी समोरच्यांचा धुव्वा उडवला. संघाला नवसंजीवनी मिळाल्याचं गावच्या साप्ताहिकाने छापलं. फिती परत घ्या म्हणून काहींनी तगादा लावला. इतक्या ठणठणीत संघाला मरणपंथाला लावणं प्रशासनालाही अवघड झालं. पुढचा सामना नाइलाजाने नुसता सामना म्हणून जाहीर झाला.

संघ वाचल्याचा आनंद गावाने थाटात साजरा केला, पार्किंगमध्ये. शेगड्या पेटल्या, शिट्टी वाजली, गाव घरी गेलं. मर्लनी मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. आया बसल्या होत्या. एकीने हात हलवला.

पुढल्या मंगळवारी संघ बंद झाला. या वेळी निवेदन निघालं नाही. जड अंतःकरण आधीच पुरतं वापरून झालं होतं.

मैदानाच्या फाटकाला कुलूप हवं म्हणून मर्ल लाइलच्या दुकानात गेले. लाइलने चांगलं पितळी काढून दिलं.

"कशाला लावायचंय?"

"मैदानाला. संघ बंद झाला."

लाइलचे डोळे खरोखर भरून आले.

"अरे, आधी सांगायचं नाही का? सगळे आलो असतो ना."

त्या रविवारी डिटमरांकडे भांडं आलं नाही. डोरीनने स्वतःच बटाटे उकडले, आणि दोघं जेवली.

वाचकहो, इथवर येऊन आपण हळहळला असाल तर आभारी आहोत. आपल्या गल्लीतलं वाचनालय अजून चालू आहे. बंद व्हायच्या दिवशी कळवूच. तोवर यायची तसदी घेऊ नये.