खानदानाची चौकशी

झरीन हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणाऱ्यातली नव्हती. दापोलीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाली होती, तेही फर्स्ट क्लासात! त्यामुळे आखातातल्या खाबुऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर जनार्दननी तिच्या लहानग्या अरहमची छाती तपासता तपासता सहज विचारलं, "घराण्यात कुणाला दमा?" तेव्हा ती एकदम ताठ बसली.

"सांगते डॉक्टर. सात पिढ्यांचं सांगते!"

"अहो, दोन पुरेत," डॉक्टर म्हणाले. पण ऐकतं कोण! अरहम एकदा खोकला की हिचाच श्वास अडकायचा.

माहेरची आजारपणं तिला तोंडपाठ होती. अडचण नवऱ्याच्या बाजूची.

"अरहमचे अब्बा, तुमचे आजोबा कशाने गेले?"

"गलबताने," अमीन वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला. "जयगडहून. परत आलेच नाहीत."

मग रत्नागिरीला सासूबाईंना फोन. खुदेजाबींनी आधी जाहीर केलं, "आमच्यात कुणास दमा नाय गो! तुज्याकडचा असंल." आणि फोनचं कार्ड संपता संपता बॉम्ब टाकला. "अमीनचा पणजा खाबुऱ्यास जायचा गलबत घेऊन. दुसरं बिऱ्हाड होतं त्याचं थंय. तुमचा अर्बाब त्यातलाच. उगीच नाय विजा दिलान!"

अर्बाब सालेम, म्हणजे अमीनचे इथले अरब मालक! अमीनच्या दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर, सगळ्यांचा व्हिसा त्यांच्या सहीवर. अमीनने बजावलं, "त्यांच्या घरी काही विचारायला जाऊ नकोस हां!" म्हणजे ती जाणारच.

अर्बाबची बायको सफिया जन्मभर हिंदुस्थानी दुकानदारांशी घासाघीस करून फर्डं हिंदी बोलायची. खजूर आले, कावा म्हणजे अरबी कॉफी आली. आता बस म्हणून कप हलवायचा असतो, हे विसरल्यामुळे झरीनला कावा येतच राहिला. शेवटी तिने विषय काढला.

"खालाजान, तुमच्या घरातली वडीलधारी माणसं कशाने वारली?"

सफियाचे डोळे बारीक झाले. "कुणासाठी विचारतेस, बेटी?"

"नवऱ्यासाठी. सगळं नीट बघून घेतलेलं बरं. पुढे मुलाबाळांचा प्रश्न असतो ना!"

सफियाने कावादाणी खाली ठेवली आणि आत हाक मारली. बघता बघता खोली बायकांनी भरली, म्हातारी सासूसुद्धा आली. एवढं सहकार्य! झरीनला भरून आलं.

"दमा?"

"कध्धीच नाही!"

"साखर?"

"दुश्मनांना!"

"मग सासरे कसे गेले?"

"खजुराच्या झाडावरून पडून. नव्वदाव्या वर्षी!"

"आणि त्यांचे वडील?"

सफियाने सासूकडे पाहिलं. "तेपण झाडावरूनच."

बाप झाडावरून, आजोबा झाडावरून. या वंशात चक्कर यायचा रोग असणार!

तेवढ्यात हलव्याचं ताट घेऊन एक तिशीची, लाजरी बाई आली. अर्बाबची धाकटी बहीण मौझा, शाळेत शिकवायची. झरीनने तिला उजेडात बसवलं, नखं पाहिली, डोळे पाहिले. "जिना चढताना धाप लागते?" मौझाने मान हलवून नाही म्हटलं. म्हाताऱ्या सासूने उठून झरीनचं कपाळच चुंबलं. "असं मोठं काळीज कुणाचं असतं!"

"आईला करावंच लागतं," झरीन नम्रपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमीन घरी आला तो तापलेल्या तव्यावर उभं राहून आल्यासारखा.

"काल तिथे काय बोललीस तू?"

"दम्याचं."

"अर्बाब दुकानात येऊन गळ्यात पडला माझ्या! म्हणाला, पहिली बायको स्वतः मागणं घेऊन येते, हे जन्मात पाहिलं नव्हतं. मंत्रालयाची परवानगी तोच काढणार आहे!"

"कसली परवानगी? कुणाचं मागणं?"

"माझं! मौझाला!"

आता कुठे झरीनच्या डोक्यात उजेड पडला. तिच्या स्वतःच्या लग्नाआधी अमीनची फुफू, म्हणजे आत्या, दापोलीला आली होती. कोण कशाने मेलं, कुणाला झटके येतात, पोरीला धाप लागते का? हेच तर सगळं विचारलं होतं तिने! कोकण काय नि खाबुरा काय, सोयरीक करायची नसेल तर कोण कुणाच्या मेलेल्यांची एवढी चौकशी करतं?

तिने नवऱ्याकडे पाहिलं. अमीनच्या मिशीचं एक टोक किंचित वर गेलं होतं.

"तुम्ही हसताय?"

"छे ग! म्हणजे... शिकलेली आहे म्हणतात."

आता आपण नाही म्हणायचं तर अर्बाबचा अपमान, म्हणजे व्हिसा खलास. नकार तिकडूनच यायला हवा! झरीन अरहमला कडेवर घेऊन संध्याकाळी सफियाकडे हजर.

"खालाजान, लपवून पाप कशाला लावून घेऊ? यांना साखर आहे. झटके येतात. रात्री घोरतात, भिंत हलते. आणि..." तिने आवाज खाली आणला, "कमरेपासून खाली काही खरं नाही."

सफियाने छातीवर हात ठेवला. मग झरीनचा हात धरून म्हणाली, "हे लग्न नकोच. तू खरं बोललीस, मग मीपण बोलते. आमच्यात झाडावरून कुणीच पडलेलं नाही. सासरे दम्याने गेले. त्यांचे वडीलपण."

दमा! झरीनला तिला मिठीच मारावीशी वाटली. लग्न मोडलं, कुणाचा अपमान नाही, आणि डॉक्टरांना द्यायला पुराव्यासकट उत्तर!

जुम्याच्या नमाजानंतर दारात गाडी थांबली. अर्बाब सालेम उतरले, मागोमाग एक दणकट म्हातारा, आणि त्याच्या हातात निखाऱ्यांची शेगडी.

"अमीन, मेव्हणा नाही तर नाही, भाऊ तर आहेस!" अर्बाब गहिवरून म्हणाले. "माझे हे काका डाग देण्यात सगळ्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहेत. झटक्यांना मानेवर एक, कमरेला दोन. इन्शाल्ला, उठून पळायला लागशील!"

अमीन आत्ताच पळायला लागला होता, पण अर्बाबने त्याला कवेत धरलं. काकांनी सळई निखाऱ्यात खुपसली.

"झरीन! सांग ना यांना! मी ठणठणीत आहे, सांग!"

सगळे झरीनकडे बघायला लागले. ठणठणीत आहेत म्हणावं, तर लग्न पुन्हा उभं राहतंय. तिने लाल होत चाललेल्या सळईकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या मिशीकडे.

"अर्बाब," ती ओढणी सावरत हळूच म्हणाली, "कमरेला एकच द्या."