वामनकाकांचं तारण

आमच्या गल्लीत एखादा माणूस एकाच पायात चप्पल घालून चालताना दिसला, तर कोणी हसत नाही. वामनकाकांचा पेपर त्याच्याकडे आहे, एवढंच समजायचं.

काका खामगावातल्या एका जिनिंग कंपनीत मुनीम होते. कापसाच्या हंगामाआधी कंपनीसाठी बँकांकडून कर्ज काढायचं, हे त्यांचं काम. आता निवृत्त झाल्यावर ते स्वतःच बँक झालेत. पेपरला एक चप्पल तारण, शिडीला दोन्ही. त्यासाठी भिंतीत वेगळा कप्पा आहे. वाटीभर साखर नेली तर परत करताना चमचाभर जास्त द्यायची. बाजारात साखर महागली की काका मोठा चमचा काढतात.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे अडलं तर विचारायचं कोणाला, हा प्रश्नच असायचा. कंपन्यांना कर्ज कशामुळे स्वस्त किंवा महाग पडतं, हा धडा काही केल्या कळेना. भीतभीतच काकांकडे गेलो.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि गल्ली उघडली. मंदाकाकू साखर वेळेवर देत नाहीत, म्हणून त्यांना तीन चमचे. समोरचा गजानन आधीच चार घरांचं देणं लागतो. पाचव्याला बुडण्याची भीती जास्त, म्हणून दरही जास्त. महिनाभर शिडी नेणाऱ्याला तासाभरवाल्यापेक्षा महाग, कारण महिन्याभरात काय होईल ते कोणी पाहिलंय? तारण भक्कम असेल तर दर उतरतो. गजाननची चप्पल मात्र काका उलटी करून बघतात आणि मुकाट्यानं परत देतात.

"आन् माझा दर?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुहा तं सगळ्यात चढा. नवी कंपनी. मागचं रेकॉर्ड नाही, घरात कोणी हा धंदा केला नाही, तारणाले काही नाही."

मी हसलो. पण घरी जाताना ते लागलं.

त्या धड्यावर मला चांगले गुण मिळाले. पुढे पुण्यात एम.कॉम.ला नंबर लागला आणि बँकेनं शैक्षणिक कर्जासाठी जामीनदार मागितला. बाबा बाजार समितीत हमाल. त्यांची सही चालेना. दोन नातेवाइकांनी चहा पाजून वाटेला लावलं. उद्या शेवटचा दिवस. काकांनी आयुष्यात कोणाला जामीन दिला नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरी गेलो. दोन्ही चपला कप्प्यात ठेवल्या आणि कागद पुढे केले.

दुधाचं बिलसुद्धा तीनदा वाचणारा हा माणूस. त्यांनी कागद न वाचताच सही केली. मग उठून चपला काढल्या आणि माझ्या पायाशी टाकल्या.

"घाल बे. पुण्याले अनवाणी जाशीन काय?"

"पण काका, तारण?"

ते पेपरची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. काकांची पत्नी गेल्यापासून त्या घरातली दुसरी खुर्ची भिंतीलाच टेकलेली असते.

"पेपर मले कायले पाहिजे परत? तो सकाळीच वाचून होते. चप्पल ठेवली का माणूस परत येते. पाच मिनिटं बोलते."

दिवाळीत मी पुण्याहून आलो. घरी न जाता बॅग घेऊन आधी काकांकडे गेलो. पेपर मागितला, एक चप्पल कप्प्यात ठेवली, भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि वाचायला तिथंच बसलो.