तुमच्याकडे आज किती?

लिमये मॅडम नसत्या तर मी पुण्यात सहा महिनेसुद्धा टिकले नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून तुम्हाला त्यांचं हसू येईल. मलाही येतं. पण हसता हसता त्यांचे उपकार विसरायला नकोत.

डॉ. वसुधा लिमये चहा पिण्याआधी कपात थर्मामीटर घालत. पर्समध्ये कायम दोन थर्मामीटर, एक चहाचा आणि एक बाकीच्या जगाचा. "अठ्ठावन्न," असं म्हणून मगच घोट घ्यायच्या. कुणाच्या घरी गेल्या तरी तेच. एका साहेबांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी मठ्ठ्यात थर्मामीटर बुडवला. वाढपी बिचारा घाबरला. "बाई, ताजा आहे हो!"

"ताजा असेल. गार नाहीये."

त्या शास्त्रज्ञ होत्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, ती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं म्हणजे फळमाशा. जगात ऊन वाढत चाललंय, तर पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राहून या माशा किती लवकर बदलतात, हे त्या शोधत होत्या. आणि मी त्या माशांची स्वयंपाकीण.

माझी शाळा सातवीतच सुटली. नवऱ्याला खराडीत एका आयटी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम लागलं, म्हणून चंद्रपूरच्याही पुढच्या गावातून आम्ही वाघोलीच्या एका खोलीत आलो. इथली माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्या बोलण्याची भीती वाटायची. दुकानात "साखर आहे का?" विचारलं तर उत्तर यायचं, "किराणा मालाचं दुकान आहे, साखर असणारच." मी गप्प बसायला शिकले.

मॅडमनी कामावर ठेवताना एवढंच विचारलं, "काय येतं?"

"स्वयंपाक."

"चारशे बाटल्यांचा जमेल? मग या उद्यापासून."

केळी, गूळ, सातूचं पीठ, यीस्ट आणि घट्ट व्हायला चायना ग्रास. मोठ्या पातेल्यात शिजवायचं, बाटल्यांत ओतायचं. पहिल्याच दिवशी सवयीने मी चमचाभर चाखून पाहिलं. मागे बघते तर मॅडम उभ्या. गेली नोकरी, असं वाटलं.

"कसं झालंय?"

"गूळ जरा जास्त."

त्यांनी वही काढली आणि गंभीरपणे लिहून घेतलं: गूळ जरा जास्त, मंदाबाई.

केळी त्या स्वतः मंडईतून आणत. काळी पडलेली, मऊ, वास सुटलेली. केळीवाला लांबूनच ओरडायचा, "या बाई, तुमचा माल राखून ठेवलाय!" आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "चांगली केळी दिली तर भांडतात."

कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं, "दहा पिढ्या जाऊ दे, मग बघू." मी नवीन साडी नेसून आले, रंग कसा आहे विचारलं, तरी तेच. त्यांचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये होता. तो एकदा प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "मावशी, अजून किती वर्षं माशा मोजणार?"

"तुझी कंपनी किती जुनी?"

"चार वर्षं. टॉपला आहे."

"दहा पिढ्या जाऊ दे, मग बघू."

प्रयोगशाळेत दोन खोल्या होत्या, एक गार आणि एक तापवलेली. तापवलेल्या खोलीतल्या माशांपैकी ज्या जगतील त्यांचीच पोरं पुढच्या बाटलीत जायची. दोन आठवड्यांत एक पिढी. मी एकदा म्हटलं, "म्हणजे त्या ऊन सोसायला शिकतात." मॅडम म्हणाल्या, "एकटी माशी काही शिकत नाही, मंदाबाई. काही टिकतात, काही नाही. एवढंच." ते ऐकून मला उगाच आपल्याबद्दलच बोलल्यासारखं वाटलं.

मे महिना होता. रविवारी माझी एकटीची पाळी. येताना मी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच लावायचे. दुकानदाराने आईला बोलावलं. आईचा आवाज अगदी बारीक. "असं तापून राहिलं बाई, की विचारू नको. काल मी विहिरीपाशीच पडली. आता बरी हाय."

तशीच कामावर आले. तापवलेल्या खोलीत गेले तर बाटल्यांच्या तळाशी माशा निपचित. काही नुसते पाय हलवत होत्या. मला काय झालं कोण जाणे, मी सगळे ट्रे उचलले आणि गार खोलीत नेऊन ठेवले. संध्याकाळी परत ठेवू म्हटलं आणि विसरले.

सोमवारी सकाळी मॅडमनी ते पाहिलं. संशोधन करणाऱ्या मुली भिंतीला चिकटून उभ्या. त्या पिढीत ज्या मरायच्या त्याही जगल्या होत्या. आता टिकणारी कोण आणि न टिकणारी कोण, कळायला मार्ग नव्हता.

"मंदाबाई, या इकडे कशा आल्या?"

"मी आणल्या. तापून राहिल्या होत्या बिचाऱ्या."

एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. मनात म्हटलं, सामान बांधा आता. मॅडमनी एक बाटली उचलून उजेडात धरली.

"सहा वर्षं मी यांना उन्हात ठेवतेय," त्या म्हणाल्या. "यांना सावलीत न्यावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही." मग नेहमीच्या आवाजात, "रडणं थांबवा. खोलीत दमटपणा वाढतोय."

आधीच्या पिढीच्या बाटल्या जपून ठेवलेल्या होत्या. त्यावरून पुन्हा सुरुवात झाली, काम तीन आठवडे मागे गेलं. मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "माझी चूक." वहीत लिहिलं, "रविवार. उन्हाळी सुट्टी."

मग मला केबिनमध्ये बोलावून घरचं सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक थर्मामीटर पार्सलने माझ्या गावाला गेला. "रोज सकाळी दहाला तुमच्या गावचं तापमान हवं. प्रयोगाला लागतं. आई आकडा वाचतील ना?"

"वाचेल. चौथी शिकली आहे."

थर्मामीटर पोचला, फोनच्याच दुकानात पत्र्याखाली टांगला, आणि तेव्हापासून रोज दहाला केबिनमधून फोन. मॅडम समोर वही घेऊन बसत. "तुमच्याकडे आज किती?" मी आईला विचारायचे, आई आकडा सांगायची. मग मॅडम हळूच, "सकाळी काय खाल्लं विचारा. निरीक्षकाची प्रकृती नोंदवावी लागते." आईला केवढा रुबाब आला! गावात सांगत फिरायची, "पुण्याचं संशोधन माझ्यावरच चालू हाय." उन्हात विहिरीवर जाणं तिने सोडलं, पाणी पहाटेच भरून ठेवायची; दहा वाजता दुकानात हजर राहायचं होतं ना.

पुण्याची भीती माझी कधी गेली, कळलंच नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कपाट आवरताना ती वही हाती आली. तिथल्या एका मुलीला विचारलं, हे आकडे कुठे छापले? ती हसली. "मावशी, दुकानाच्या पत्र्याखाली टांगलेल्या थर्मामीटरचं रीडिंग कोण छापणार? हे कशातच वापरलेलं नाही."

मी वही चाळली. "४५. आईंचा खोकला कमी." "४४. म्हैस व्याली. मंदा आज हसली." आणि माझं बाळंतपण वाघोलीतच झालं, त्या महिन्यातलं एक पान: "मंदा रजेवर. फोन मीच केला. ४३. आई म्हणाल्या, तू जेवली का बाई? बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं." त्यानंतर महिनाभर रोज एक नोंद. आकडा लिहायचा बरेचदा राहून गेला होता.

वही घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मॅडम, हे मी कसं फेडायचं?"

त्यांनी वही काढून घेतली, चहात थर्मामीटर घातला. "दहा पिढ्या जाऊ दे, मग बघू."

माशांच्या हिशोबाने ती मुदत केव्हाच संपली. आई आता थकली आहे, तरी फोनवर विचारते, "तुझी ती थर्मामीटरवाली बाई कधी येते?" मॅडम कधीच कुणाकडे राहायला जात नाहीत, मला माहीत आहे. तरी एका मे महिन्यात मी त्यांना गावी नेणार. कडुनिंबाखाली खाट टाकून बसवणार, चहा त्यांना हवा तेवढाच गरम देणार, आणि जेवलात का, हे आई रोज विचारील.